घाबरट खुर्ची

खुर्ची रॅम्पच्या तोंडाशी आली आणि गचकन थांबली.

"पुढे धोका आहे," ती म्हणाली. कंपनीनं तिला बाईचा गोड आवाज दिला होता, बँकेच्या फोनवर असतो तसला.

"अगं कसला धोका? परवापर्यंत इथूनच जात होतीस ना?" अस्मिता म्हणाली आणि तिनं जॉयस्टिक पुन्हा पुढं रेटली. खुर्ची ढिम्म. "आबा, काही आहे का हो पुढं? मांजर, बादली, काही?"

हिंदुराव पिसाळ ओट्यावर उभे होते. रॅम्प स्वच्छ झाडलेला होता, गेट उघडं होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"न्हाई दिसत काही," ते म्हणाले. "पण ती म्हणतीय तर असंल. चल, आत चल बाळा."

आता खोटं कशाला बोला, हिंदुरावांना बरं वाटलं होतं. पोरगी गेटाबाहेर गेली नाही म्हणून त्यांच्या जिवात जीव आला होता.

हा माणूस काही जन्माचा भित्रा नव्हे, बरं का. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता, त्यातली वीस कराड-चिपळूण मार्गावर. कुंभार्लीच्या घाटात एकदा धुक्यात गाडीचं पुढचं चाक कड्याबाहेर लोंबकळलं, आत बायकांनी एकच कल्ला केला, तेव्हा हाच माणूस मागच्या दारात उभा राहून सांगत होता, "गडबड न्हाई करायची. एकेक जण उतरा. म्हातारीला पुढं घ्या. तिकीट टाकू नका, दुसऱ्या गाडीला लागंल." त्रेपन्न माणसं उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढं डेपोत ही गोष्ट नव्या पोरांना सांगायचे.

भीती घरात आली ती पाच वर्षांपूर्वी. अस्मिता तेव्हा चोवीस वर्षांची, गणितात एम.एस्सी. झालेली. एका सकाळी म्हणाली, डावा डोळा ठणकतोय. हिंदुराव म्हणाले, "मोबाईल कमी बघ." आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तिला दोन्ही डोळ्यांनी दिसेना आणि पाय उचलेनात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटून डोळ्यांच्या नसांवर आणि पाठीच्या कण्यावर तुटून पडली होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." ते अर्धं वाक्य हिंदुराव तेव्हापासून रोज मनात पुरं करत होते. बायको आधीच गेलेली. घरात ही दोघंच.

मग ही खुर्ची आली.

खुर्चीला डोळे बारा होते. लेझरचा किरण सोडायचा आणि तो किती वेळात परत येतो त्यावरून भिंत किती लांब, पायरी किती खोल हे मोजायचं, असं तिचं सेकंदाला शंभर वेळा चालायचं. अस्मितानं जॉयस्टिकनं नुसती दिशा सांगायची, वाट खुर्ची काढायची. इथवर नवं काही नव्हतं, अशा खुर्च्या परदेशात कधीच्या फिरत होत्या. आपल्याकडे येऊन त्या गडबडल्या. रांगोळी त्यांना अडथळा वाटायची आणि गटारावरची डुगडुगती फरशी पक्का रस्ता. बसलेली म्हैस त्यांच्या लेखी भिंत, पण भिंत काही उठून शिंग मारत नाही. कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे नुसत्या मोजमापावरून कळत नाही.

पुण्यातल्या एका कंपनीनं मग हे रांगत्या मुलांकडून उचललं. रांगतं मूल अनोळखी कुत्र्यासमोर आलं की मागं वळून आईच्या तोंडाकडं बघतं. आई हसली तर पुढं, आई दचकली तर मागं. खुर्चीला तोंड वाचता येत नव्हतं, पण आवाज वाचता येत होता. माणूस घाबरला की घसा आवळतो, सूर चढतो, शब्द भरभर पडतात आणि आवाजात एक बारीक कंप येतो. कानाला तो कळत नाही, लपवू म्हटलं तरी लपत नाही. तेव्हा नियम असा, की पहिले चाळीस दिवस घरातल्या एका माणसानं खुर्चीसोबत चालायचं. त्याच्या आवाजाला म्हणायचं 'पालक आवाज'. जिथं तो आवाज कापला ती जागा खुर्चीच्या नकाशात लाल, जिथं शांत राहिला ती हिरवी. नंतरसुद्धा तो आवाज कानी पडला, समोरून असो की फोनवरून, की रंग बदलत राहायचे.

कल्पना नामी होती. फक्त त्या चाळीस दिवसांत हिंदुराव एकदाही शांत नव्हते.

"अगं अगं अगं, उंबरा!" "बाई बाई बाई, गटार!" "हळू, जपून, थांब, थांब म्हणतोय ना!" आपल्याकडं माया अशीच करतात, मागून ओरडून. हिंदुरावांनी ती चाळीस दिवस पोटभर केली, आणि पुढंही सोडली नाही. खुर्ची सगळं ऐकत होती.

तीन आठवड्यांपूर्वी कंपनीच्या मुल्ला मॅडम तपासणीला आल्या होत्या. मिरजेच्या, चुणचुणीत बाई. अस्मिता आत फोनवरून दहावीच्या मुलांची शिकवणी घेत होती. मॅडमनी ओट्यावर बसून टॅबलेटवर घराचा नकाशा उघडला. बाहेरचा रस्ता लाल, गेट लाल, रॅम्प जवळजवळ लाल. उंबराही तांबूस व्हायला लागला होता.

"खुर्ची बिघडलीय?" हिंदुरावांनी विचारलं.

"नाही काका. खुर्ची अगदी ठीक आहे. ही भीती तिची नाही, तुमची आहे."

हिंदुरावांनी नकाशातल्या तांबूस उंबऱ्यावर बोट ठेवलं.

"रोज सोबत चाला आणि निवांत बोला, लाल हळूहळू फिकं होईल," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर तुमचा आवाज काढून टाकू. तुमच्या तोंडी होकार लागतो फक्त. मग खुर्ची तिच्या बारा डोळ्यांवर आणि अस्मिताच्या हातावर चालेल. एखाददुसरा धक्का बसेल, पण शिकेल."

"आणि न्हाई काढला तर?"

"तर आकसत जाईल. आता रॅम्प, मग उंबरा. शेवटी पलंग ते संडास."

आतून अस्मिताचा आवाज येत होता, कुणाला तरी त्रिकोण समजावून सांगत होती. दोन गल्ल्या पलीकडच्या क्लासनं तिला शिकवायला बोलावलं होतं, रोज, समोर बसून. ती कधीची त्याच आनंदात होती. हिंदुरावांच्या डोळ्यांसमोर गल्लीच्या कोपऱ्यावरून वळणारा डंपर उभा राहिला.

"राहू दे," ते म्हणाले. "खुर्ची भितीय म्हणून पोरगी सुखरूप हाय. आणि तिला काही बोलू नका. मी सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही. क्लासवाल्यांना अस्मितानं दोनदा पुढची तारीख दिली. मग तिनं तारीख देणंच सोडलं.

खुर्ची रॅम्पवर अडली त्याच आठवड्यात, बुधवारी, पाटणला हिंदुरावांच्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं. जायला ते तयारच नव्हते. अस्मितानंच हाकललं. "आबा, आत्यानं तीनदा फोन केलाय. तीन-चार तासांत परत याल. मी काय पळून जाणार आहे? मला गेटाबाहेरसुद्धा जाता येत नाही." शेवटचं वाक्य तिनं हसतच म्हटलं. हिंदुरावांना ते लागलं, पण ते गेले.

कराडला परतीची गाडी तीनला निघाली. बॅटरीवरची नवी गाडी, आवाज म्हणून नाही. कंडक्टर एक तरुण मुलगी होती, तिनं त्यांना ओळखलं आणि पुढची सीट दिली. विहे मागं पडलं आणि फोन वाजला.

"आबा, कुठवर आलात?" अस्मिताचा आवाज जपून ठेवल्यासारखा होता.

"विहे सोडलं. का गं?"

"कसला तरी वास येतोय. मुतारीसारखा, पण फार उग्र. डोळे झोंबतायत. मागच्या बाजूला भोंगा वाजत होता. आता लोक पळताना ऐकू येतायत."

कॉलनीच्या मागं दूध थंड करायचं केंद्र होतं, आणि थंड करायला तिथं अमोनिया वापरत. अमोनियाचा टँकर त्यांनी एकदा घाटात उलटलेला पाहिला होता. झाडावरचे बगळे टपाटप खाली पडले होते. खुर्चीला डोळे बारा, पण नाक एकही नव्हतं.

"बाहेर पड!" ते ओरडले. सगळी गाडी वळून बघायला लागली. "आत्ताच्या आत्ता! पुढच्या दारानं!"

"तेच करतेय. उंबऱ्याशी अडलीय ही."

"कुणाला तरी हाक मार!"

"मारली हो. सगळे गेले. शेजारच्या काकू जाता जाता ओरडल्या, हिंदुराव, पोरीला घेऊन निघा. त्यांना वाटलं तुम्ही घरात आहात." अस्मिताला खोकला आला. "तुम्ही कधी नसताच कुठे."

"ब्रेक सोडायची मागची कळ..."

"पाठीमागं खाली आहे, आबा. माझा हात पोचत नाही. आणि खाली उतरून सरपटायला हातात ताकद नाही."

"अगं मग काही तरी कर! अस्मे! देवा रे, अस्मे..."

फोनमधून तो गोड आवाज आला. "धोका वाढला आहे. मागे येत आहे."

मोटर घुमली. चाकं फरशीवर सरकल्याचा आवाज आला.

"आबा, ही मला मागं नेतीय! स्वयंपाकघराकडं नेतीय!"

हिंदुरावांनी स्वतःचं तोंड तळहातानं गच्च दाबून धरलं. त्यांना सगळं कळलं होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपलीकडंच ते केंद्र होतं. आपण ओरडलो की खुर्ची मागं जाते. आणखी ओरडलो तर आणखी मागं.

"आबा? बोला ना! का गप्प झालात?"

गप्प राहून भागणार नव्हतं. फोन ठेवला तरी उंबरा लालच राहणार. ती लाल खूण पुसायची तर एकाच माणसाचा शांत आवाज चालणार होता, आणि तो माणूस तर घाबरून अर्धमेला झाला होता. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून कंडक्टर मुलीच्या हातात कोंबला, तीन सीट मागं जाऊन बसले आणि तिला खुणेनं जवळ वाकवून, फोनवर हात ठेवायला लावून, कानात सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला.

"ताई, मी कंडक्टर बोलतेय," ती फोनवर म्हणाली. "फायर ब्रिगेडला दुसरे प्रवासी फोन लावतायत. तुमचे वडील म्हणतात, खुर्ची रस्त्याला भीत नाही. ती त्यांच्या आवाजाला भिते. त्यांच्या काळजीनंच ती अशी झालीय. ते घाबरून बोलले तर ती मागं जाईल. शांत बोलले तर पुढं येईल."

पलीकडून नुसता खोकला. मग अस्मिता म्हणाली, "त्यांना विचारा, हे त्यांना कधीपासून माहीत आहे."

मुलीनं हिंदुरावांकडं पाहिलं. त्यांनी तीन बोटं वर केली.

"तीन आठवडे, ताई."

पलीकडून खोकलासुद्धा येईना. पोरगी गेली की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग फोनमधून घोगरा आवाज आला.

"त्यांना म्हणावं, गाडीत आहात ना? मग गाडीतल्यासारखं बोला. घरातल्यासारखं नको."

हिंदुराव उठले. पाय कापत होते, पण पाय खुर्चीला ऐकू येणार नव्हते. "बाळ, बॅग दे जरा," ते मुलीला म्हणाले. तिनं खांद्यावरची बॅग काढून दिली. त्यांनी पट्टा गळ्यात अडकवला, वरची दांडी धरली, पाय फाकवून मधल्या वाटेत उभे राहिले आणि डोळे मिटले. फोन मुलीनं त्यांच्या तोंडाशी धरला.

"चला," ते म्हणाले. "कराड-चिपळूण, कराड-चिपळूण. दारात कुणी उभं राहू नका. पुढं सरका, पुढं लई जागा हाय. बाई, पिशवी मांडीवर घ्या. वारुंजी कोण हाय? वारुंजी?"

कसा आला तो आवाज कुणास ठाऊक. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं कपाटात पडलेला सदरा अंगाला बरोबर बसावा, तसा बसला.

फोनमध्ये मोटर घुमली. "थांबली," अस्मिता कुजबुजली. आणि मग, "पुढं निघालीय आबा."

"विहे. विहे कोण उतरणार? उठून पुढं या, गाडी थांबल्यावर उतरा. पोरांचे हात खिडकीच्या आत घ्या."

"उंबरा गेला. ओट्यावर आहे."

"नवारस्ता मागून येतोय, घाई न्हाई. आधी मल्हारपेठ."

रॅम्पवर चाकांचा सूर बदलला. गेट सरकल्याची घरघर ऐकू आली, ते खुर्चीच्या इशाऱ्यानंच उघडायचं. आता गल्ली. आता गटारावरची फरशी, तीच डुगडुगणारी. हिंदुरावांच्या डोळ्यांसमोर ती फरशी आली, आणि त्याच वेळी अस्मिताला खोकल्याची अशी उबळ आली की श्वासच लागेना.

"मल्हार..." हिंदुरावांचा आवाज मधेच फाटला.

"पुढे धोका आहे," खुर्ची म्हणाली.

हिंदुरावांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. फोनमधून घरघर येत होती, आणि त्या घरघरीतून एक-एक शब्द.

"आबा. डबल. द्या."

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. लहानपणी ती ओट्यावर पाटांची गाडी करून बसायची, आणि आबा ड्यूटीवरून आले की पाणीसुद्धा पिऊ द्यायची नाही. आधी डबल द्या, मग गाडी निघणार.

हिंदुरावांनी बोटातली अंगठी वरच्या दांडीवर आपटली. टण. टण.

आणि मागच्या सीटवरून एक फेटेवाला म्हातारा खणखणीत बोलला, "मल्हारपेठ एक!"

"पाटण दोन!" एक बाई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

"हेळवाक एक!"

"व्हय, देतो, सगळ्यांना देतो," हिंदुराव म्हणाले, आणि आवाज पुन्हा जागेवर आला. "हेळवाकवाले दादा, मागं बसा. आता घाट लागंल, खिडक्या लावून घ्या. पोफळी कोण? शिरगाव? पिंपळी? खेर्डीला थांबा हाय, काळजी करू नका..."

चाकं चालत राहिली. अस्मिताचा खोकला दूर-जवळ होत राहिला. हिंदुराव तोंडानंच चिपळूणला पोचले, गाडी वळवली आणि परत कराडकडं निघाले, स्टॉपमागून स्टॉप. थांबायची हिंमत नव्हती. दुसऱ्यांदा पाटण येता येता फोनमध्ये एक अनोळखी पुरुष ओरडला, "हॅलो! फायर ब्रिगेड! पोरगी मेन रोडला भेटली, ऑक्सिजन लावलाय. कोण बोलतंय?"

हिंदुरावांना कोण बोलतंय ते सांगता आलं नाही. ते मधल्या वाटेत खाली बसले, बॅग पोटाशी धरली आणि लहान पोरासारखे रडले.

अस्मिता पाच दिवस दवाखान्यात होती. पहिले तीन दिवस ती बापाशी एक शब्द बोलली नाही. ते डबा घेऊन यायचे, शेजारी बसायचे, डबा घेऊन जायचे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मुल्ला मॅडमना बोलवा."

मॅडमनी टॅबलेट समोर धरला. हिंदुराव म्हणाले, "माझा आवाज काढून टाकायला माझी संमती हाय."

"आवाजात भीती आढळली," टॅबलेट म्हणाला. "दबावाखालील संमती स्वीकारता येत नाही. पुन्हा बोला."

ते पुन्हा बोलले. पुन्हा तेच. अस्मितानं पलंगावरून हात पुढं केला आणि हवेत चाचपत त्यांचं मनगट धरलं. चार दिवसांत पहिल्यांदाच. हिंदुराव तिसऱ्यांदा बोलले. टॅबलेटनं घेतलं.

पुढच्या सोमवारी सकाळी अकराला अस्मिता क्लासला निघाली. हिंदुरावांनी कबूल केलं होतं, गेटापुढं यायचं नाही. खुर्ची रॅम्पवरून उतरली, गेटातून बाहेर पडली, एकदा भिंतीला घासली, सावरली आणि गटाराच्या दिशेनं वळली.

"अगं अगं अगं, फरशी!" हिंदुराव ओरडले. तोंडातून निघूनच गेलं.

खुर्ची थांबली नाही. फरशी एका अंगानं डुगडुगली, चाक कडेला गेलं, हिंदुरावांनी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा ती पलीकडं होती. तिनं मान वळवली नाही, नुसता हात वर केला आणि खुर्चीच्या हातावर बोटातली अंगठी दोनदा वाजवली. मग ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

हिंदुराव गेटाला धरून उभे राहिले. क्लास सुटायला दोन तास होते, आणि ते तिथून हलले नाहीत.